काळवंडलेले तळवे

सज्जनहो, भानुनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी वडजाई गावाबाहेरच्या धर्मशाळेत होता. तिथून दोन कोसांवर तालुक्याचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात द्वारकाबाई सोनटक्के नावाची परिचारिका काम करीत असे. तिला अकाली वैधव्य आले, तेव्हा महाराजांनीच तिला हे शिक्षण घ्यायला लावले होते. दुखणाइताला देव समजून हात लाव, एवढाच उपदेश त्यांनी तिला केला होता.

द्वारकाबाई औषधाची वेळ कधी चुकवत नसे. पण औषध देऊन झाले की ती रोग्याच्या पायथ्याशी बसे, त्याच्या तळव्यांना तूप लावी आणि काशाच्या वाटीने हलक्या हाताने घाशी. घासता घासता तळवे काळे पडत, अंगातली आग निवे आणि रात्रंदिवस तळमळणाऱ्या माणसाचा डोळा लागे.

दवाखान्याचे डॉक्टर पाळंदे मोठी पदवी घेऊन आलेले. त्यांना हे मुळीच खपत नसे. एकदा सगळ्या रोग्यांसमोर ते तिला म्हणाले, "बाई, हा दवाखाना आहे. मालिश करायची हौस असेल तर बाजारात पथारी टाका." लोक हसले. द्वारकाबाईने वाटी पुसली, पदराखाली धरली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

त्याच वर्षी डॉक्टरांची नऊ वर्षांची प्रमिला विषमज्वराने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी उपचारांत काही कमी केले नाही. पण तिसऱ्या आठवड्यात पोर बरळू लागली. तीन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आईलाही ती ओळखेना. झोप लागली नाही तर हे एवढेसे काळीज टिकायचे नाही, हे डॉक्टरांना कळत होते, आणि झोपेचे औषध आणखी देण्याची त्यांची छाती होत नव्हती. द्वारकाबाई त्यांच्या घरी गेली आणि एकदाच तळवे घासू द्या म्हणून तिने विनवले. डॉक्टर आधीच कावलेले. माझ्या मुलीला हात लावलात तर उद्यापासून कामावर येऊ नका, असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. भर उन्हात चालत ती वडजाईला आली. महाराज घोंगडीवर पडले होते. ती काही बोलण्याआधीच त्यांनी पाय पुढे केले.

"द्वारके, आज आमचेच तळवे घास."

द्वारकाबाई जागच्या जागी थिजली. महाराज कधी कोणाला पायांना हात लावू देत नसत! भीत भीत तिने तळव्यांना तूप लावले आणि चटकन हात मागे घेतला. तळवे निखाऱ्यासारखे तापले होते. मग मनाचा हिय्या करून तिने वाटी फिरवायला सुरुवात केली. वाटी हातात धरवेना इतकी तापली, तूप पाण्यासारखे पातळ झाले, पण तळवे काही केल्या काळे पडेनात. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. आपल्या हाताचा गुण गेला की काय, असे तिला वाटून गेले. तरी ती थांबली नाही. घटकाभराने तळवे निवले आणि महाराजांना गाढ झोप लागली. झोपेतून त्यांना जाग येऊ नये म्हणून ती तशीच घासत राहिली.

उन्हे कलली तेव्हा दाराशी टांगा थांबला. डॉक्टर पाळंदे अनवाणीच आत आले. तिच्या हातातल्या वाटीकडे पाहून त्यांनी दबक्या आवाजात विचारले,

"तुम्ही माझ्या घरी कधी येऊन गेलात?"

आपण दुपारपासून इथून हललो नाही, असे तिने सांगितले. धर्मशाळेतल्या माणसांनीही तेच सांगितले. डॉक्टर घोंगडीशेजारी बसून घडले ते सांगू लागले. दुपारी दोनच्या सुमारास प्रमिलाचे बरळणे एकाएकी थांबले होते. सगळे संपले असे समजून आईने हंबरडा फोडला. डॉक्टरांनी धावत जाऊन नाडी पाहिली, तर पोर संथ श्वास घेत झोपली होती. पाय गार तर पडले नाहीत ना, म्हणून त्यांनी पांघरूण वर केले. दोन्ही तळवे काळेशार झाले होते, चादरीला तूप लागले होते. घराच्या दाराला आतून कडी होती आणि आई उशापासून उठली नव्हती. द्वारकाबाई चोरून आली असणार, तिला जाब विचारावा, म्हणून ती वडजाईला गेल्याचे दवाखान्यात समजताच आपण निघालो होतो, हेही त्यांनी लपवले नाही.

बोलता बोलता त्यांची नजर महाराजांच्या पायांकडे गेली. तळवे तान्ह्या मुलासारखे स्वच्छ होते. द्वारकाबाईला आता उलगडा झाला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

महाराजांनी डोळे उघडले.

"डॉक्टर, औषध बंद करू नका. ताप आपल्या मुदतीने उतरेल. पण पोर घाबरली होती हो. तिच्याजवळ कोणीतरी बसायला हवे होते."

डॉक्टर पायांवर डोके ठेवायला वाकले, तोच महाराजांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

"इथे नको. आम्ही तर झोपलो होतो. हात कोणाचे शिणले ते बघा."

डॉक्टर वळले. द्वारकाबाई मागे सरत सरत भिंतीला टेकली. "नका साहेब, असे करू नका," ती पुटपुटली. पण त्यांनी तिच्यासमोर जमिनीवर कपाळ टेकले होते. भरल्या दवाखान्यात लोक हसले तेव्हा जिच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते, ती द्वारकाबाई त्या वाकलेल्या माणसाकडे पाहून हुंदके देऊन रडू लागली.