जाळलेली पोथी

विराटगडच्या राजाने स्वतःचंच स्तुतिकाव्य लिहिलं, आणि कारभारावर ताशेरे ओढणाऱ्या म्हाळसा कवयित्रीची पोथी जाळून तिला हद्दपार केलं. वर्षाअखेरीस भरदरबारात त्याने आपल्या वृद्ध गुरूंना, त्र्यंबकशास्त्र्यांना विचारलं, “यंदाचं आवडतं पुस्तक कोणतं, आणि नावडतं कोणतं?”

“आवडतं आपलं, नावडतं म्हाळसेचं.”

राजा खुलला. “का बरं?”

“आपलं वाचता वाचता गाढ झोप लागते, महाराज. तिचं जाळलंत, तरी ओळ न् ओळ आठवते आणि डोळ्याला डोळा लागत नाही.”

राजाची मान खाली गेली. “तिला परत आणा,” तो पुटपुटला.

स्वार रिकामेच परतले. म्हाळसा परमुलखात वारली होती.

लोक शास्त्रीबुवांच्या हजरजबाबीपणाची वाहवा करत. त्यांना मात्र वाटे, हेच उत्तर पोथी पेटवली त्या दिवशी दिलं असतं तर!