सदबाची गरुड

एका गावात सदबा नावाचा भोळा माणूस होता. बाकीचं गाव शहाणं होतं. अर्धं गाव 'गरुड' मोटारसायकल चालवायचं, अर्धं 'बिजली', आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या गाडीला भंगार म्हणायचे.

सदबाचे रंगनाथमामा कट्टर गरुडवाले. त्यांनी भाच्याला आपली जुनी गरुड दिली आणि म्हणाले, "बिजलीवाला दिसला की मान फिरवायची. गरुडवाला दिसला की हात वर करायचा."

सदबा निघाला. समोरून गरुड आली. त्यानं हात वर केला. एक हात वर केला तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून दोन्ही केले. गाडी थेट उकिरड्यात गेली.

"येड्या, हँडल सोडतात का?" मामा म्हणाले. "हॉर्न वाजवायचा. समोरचा बघेपर्यंत वाजवायचा."

दुसऱ्या दिवशी एका दारात गरुड उभी दिसली. त्या घरातले आजोबा नुकतेच गेले होते. आत रडारड चालली होती. सदबानं हॉर्न धरला तो सगळं घर बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

मामांनी कपाळाला हात लावला. "अशा वेळी खाली उतरायचं. हात जोडायचे. म्हणायचं, झालं ते वाईट झालं, आता धीर धरा."

पुढे मारुतीच्या देवळापाशी एकजण नव्या कोऱ्या गरुडची पूजा करत होता. सदबा उतरला. हात जोडले. "झालं ते वाईट झालं. आता धीर धरा."

त्या माणसानं फोडायचा नारळ सदबाच्या दिशेनं भिरकावला.

"अरे गाढवा," मामा म्हणाले, "नवं काही घरी येत असलं की म्हणायचं, छान झालं, अशीच दुसरीही येऊ दे! आणि पेढा मागायचा."

अशात सदबाचं लग्न ठरलं. नाही नाही म्हणता ठरलं, म्हणून त्याच्या आईला कोण आनंद! मुलगी सुलभा, शेजारच्या गावची. तिचे वडील यशवंतराव मात्र बिजलीवाले. त्यांनी आधीच बजावलं होतं, "तुमची ती गरुड वाटेत बंद पडली आणि माझ्या पोरीला माझ्या बिजलीवर बसायची वेळ आली, तर ती पुन्हा तुमच्या घरी यायची नाही!"

लग्न लागलं. निरोपाची वेळ आली. यशवंतराव डोळे पुसत म्हणाले, "जावईबापू, एवढी एकच लेक आहे. तुमच्या घरी देतोय."

सदबा म्हणाला, "छान झालं! अशीच दुसरीही येऊ दे! पेढा कुठाय?"

मांडवात एकच गोंधळ झाला. मामांनी पाया पडून तो मिटवला आणि सदबाला बाजूला घेतलं. "आता तोंड उघडू नकोस. काही झालं तरी गरुड वाटेत टाकून येऊ नकोस. बिजलीवाले हसतील."

वऱ्हाड जीपनं पुढे गेलं. नवरानवरी गरुडवर, हा मामांचा हट्ट. माळावर गाडी बंद पडली. एक टेम्पो थांबला.

"माल भरलाय," टेम्पोवाला म्हणाला. "एकतर तुमची गाडी चढेल, नाहीतर बाई. तुम्ही बसा माझ्याशेजारी."

सदबाला विचार करावा लागला नाही.

"अहो, आणि मी?" सुलभा ओरडली. सदबा बोलला नाही. तोंड उघडायचं नव्हतं.

दारात आई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं. टेम्पोतून गरुड उतरली.

"सदबा, नवरी कुठाय रे?" आईनं विचारलं.

सदबानं मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "बोल की!"

"ती माळावर राहिली. मग मागून सासरे आले, तिला घेऊन टेम्पोच्या बाजूनं किती लांब आले! थांबा, थांबा म्हणून दोघं हाका मारत होते. पण बिजलीवर होते ना, मी मान फिरवली. मग गेले परत."

मामा मटकन खाली बसले. आईनं तोंडाला पदर लावला.

सदबाला वाटलं, उगाच उशीर होतोय. आईनं सकाळीच सांगितलं होतं, घरात येताना मापाला उजवा पाय लागला पाहिजे.

गाडीला उजवं चाक नव्हतं. म्हणून त्यानं पुढचं लावलं.