तोबापीराच्या जाळीतला धागा

"पण लोकांना ते आवडतं ते नेमकं कशामुळं, बाबा?"

श्रीरंग मघापासून हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. गफूरबाबांना काही घाई नव्हती. ते दर्ग्याच्या पायरीवर बसून पाण्यात भिजवलेला विटका लाल धागा मांडीवर ताणत होते, अंगठ्यानं दाबून सरळ करत होते.

"काय आवडतं?"

"मी लिहितो ते."

"मग तुलाच ठाऊक असणार की. मला कशाला विचारायलास?"

श्रीरंग हसला, पण त्याला ते लागलं. इतका मान असलेला माणूस आपण होऊन टेकडी चढून आला होता, आणि म्हातारा धाग्यावरची नजर काढत नव्हता.

तसा तो खरंच नावाजलेला होता. 'रोज थोडं बरं' या नावानं तो मोबाइलवर लिहायचा. लवकर उठा, कमी बोला, रागाच्या भरात उत्तर देऊ नका, फोन लांब ठेवा. आणि लोक फोन डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून हे सगळं वाचायचे, वा वा करायचे, भावाबहिणींना पाठवायचे. श्रीरंग धानुरे म्हटलं की लातुरात चहावाला पैसे घ्यायला नको म्हणायचा.

"कसं लिहितोस?" बाबांनी विचारलं.

आता श्रीरंगला बरं वाटलं. हा त्याचा प्रांत होता.

"पहिल्या ओळीत प्रश्न टाकायचा. माणूस थबकला पाहिजे. मग आपली स्वतःची फजिती सांगायची, म्हणजे त्याला आपण जवळचे वाटतो. मग उपाय. आणि शेवटी एकच ओळ, अशी की त्याला ती कुणाला तरी पाठवावीशी वाटली पाहिजे."

"आणि मग?"

"मग लोक सेव्ह करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे नंतर निवांत वाचायला जपून ठेवतात."

"मग वाचतात निवांत?"

श्रीरंगने खिशातला फोन चाचपला.

"नाही," तो म्हणाला.

बाबांनी हातातला धागा खाली ठेवला आणि मान वळवून मागच्या जाळीकडे बघितलं. श्रीरंगनेही बघितलं.

ही टेकडी तोबापीराची. इथं कुणी मुलगा मागायला येत नाही, नोकरी मागायला येत नाही. इथं माणसं काहीतरी सोडायला येतात. कुणी दारू, कुणी पत्ते, कुणी बायकोवर उठणारा हात. कबरीसमोर उभं राहायचं, तोबा म्हणायचं, बरोबर आणलेला एक धागा दगडी जाळीला बांधायचा आणि उतरायचं. हिंदू येतात, मुसलमान येतात; वाईट सवयी काही जात बघून लागत नाहीत. धाग्यांवर धागे बसून ती जाळी अशी भरली होती की दगड कुठं दिसतच नव्हता.

"हे सगळे सुटले?" श्रीरंगने विचारलं.

"ज्याची सवय सुटते तो परत येतो. जाळीतली एक गाठ उकलतो. आपलीच उकलायची असं नाही. उन्हानं सगळ्यांचा रंग एकच झालाय, आपली ओळखणार कशी? हाताला येईल ती उकलायची."

"आणि असे किती येतात?"

"येतात… अधूनमधून."

"म्हणजे बांधणारे ढीगभर आणि उकलणारे अधूनमधून!" श्रीरंगला जरा चेव आला. "म्हणजे बाबा, तुमचंही माझ्यासारखंच."

"तेच तर म्हणतोय," बाबा म्हणाले आणि पुढचा धागा उचलला.

श्रीरंगच्या खिशातला फोन त्याला जड झाला होता.

खरी गोष्ट अशी होती की तो प्रश्न विचारायला आलाच नव्हता. तो एक वाक्य न्यायला आला होता.

दोन वर्षांपूर्वी याच जाळीला त्याने धागा बांधला होता. कुणी सोडू म्हटलं तरी सुटू नये अशी आवळून गाठ मारली होती, तिचा फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आजपासून दारू बंद.' त्याचं एवढं गाजलेलं दुसरं काही नव्हतं. बायका ते नवऱ्यांना दाखवायच्या. पोरं बापांना पाठवायची. उदगीरचा बालाजी नावाचा एक रिक्षावाला तेव्हापासून रोज सकाळी त्याला मेसेज करायचा: 'सर, आजपण नाही.' बस्स, एवढाच. श्रीरंग उत्तरादाखल अंगठा पाठवायचा.

उद्या त्या धाग्याला दोन वर्षं होणार होती. उद्याचं लिखाण तयार होतं. 'दोन वर्षं. एक थेंबही नाही.' शेवटची ओळ तेवढी अडली होती. ती फकिराच्या तोंडून मिळाली, तर मजकुराला वजन येईल असा त्याचा हिशेब होता.

यात अडचण एकच होती. ते खोटं होतं.

मेव्हण्याच्या लग्नात तो प्यायला होता. मग आणखी एकदा, कुणाचंही लग्न नसताना. बायकोला कळलं होतं. ती काही बोलली नाही. तिने भांडण केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. आणि तेव्हापासून बालाजीचा मेसेज आला की त्याचा अंगठा उठेना. खरं सांगावं, तर ज्या माणसाच्या आधारावर तो बिचारा उभा होता तोच आधार काढून घ्यायचा. न सांगावं, तर रोज सकाळी आरशात कुणाचं तोंड बघायचं? दोन-तीन दिवसांपासून तर बालाजीचाही मेसेज आला नव्हता. श्रीरंगला त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली होती.

"बाबा…"

"हं."

"एखादं वाक्य द्या की मला. लोकांना सांगण्यासारखं."

बाबा काही बोलणार तोच पायऱ्यांवरून धापा टाकण्याचा आवाज आला. डोक्यावरचा पदर सावरत एक बाई वर येत होती. साठी उलटलेली, काटक, चेहऱ्यावर मात्र लग्नघरातल्यासारखा आनंद.

"बाबा! सुटली बघा!"

"काय सांगतीस, कौसा!"

"मिसरी सुटली! श्रावणापासून बोटाला लावली न्हाई. सून म्हनली, आत्या, आता जाऊन या डोंगरावर." कौसाबाईने पिशवीतून गुळाचा खडा काढून बाबांच्या हातावर ठेवला, श्रीरंगच्याही हातावर ठेवला, तो कोण हे न विचारता. "दात समदे गेल्यावर सुटली, पर सुटली!"

बाबा एवढे हसले की त्यांना खोकला आला. कानामागची बिडी खाली पडली. त्यांनी ती उचलून फुंकर मारून परत कानामागं ठेवली.

श्रीरंग बघतच राहिला. दारू, तंबाखू, बिडी सोडायला लोक ज्याच्याकडे येतात, त्याच्याच कानाला बिडी!

"तुम्ही बिडी ओढता, बाबा?"

"दर गुरुवारी सोडतो," बाबा म्हणाले. "तो बघ, वरचा तो कोपरा माझाच आहे."

"आणि लोकांना चालतं?"

"तिलाच विचार."

कौसाबाई तोवर जाळीपाशी पोचली होती. श्रीरंगने विचारलं, "मावशी, बाबा बिडी ओढतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता ते कुनाला ठाऊक न्हाई? हितनं वास येतोय की!"

"मग सोडायला यांच्याकडंच कशाला आलात? एखादा निर्व्यसनी महाराज बघायचा."

"गेले हुते की. लई मोठे महाराज. सुपारीसुद्धा शिवत न्हाईत." कौसाबाईने धाग्यांत हात घातला. "एकदा गेले. माघारी येऊन पुन्हा मिसरी लावली. मग दुसऱ्यांदा जायला लाज वाटली. हितं न्हाई वाटली. हितं मी किती डाव आले ते माझं मलाच सांगता यायचं न्हाई."

श्रीरंगच्या हातातला गूळ चिकट झाला होता.

कौसाबाईच्या हाताला एक गाठ आली होती. ती नखांनी उकलायला गेली, उकलेना. पदरात धरून ओढली, उकलेना. दात नव्हते, नाहीतर तेही लावले असते.

"कोन्या मेल्यानं मारली ही गाठ! सोडायला आलता का भिंत बांधायला?"

श्रीरंगने मान खाली घातली. ती गाठ त्याची होती असं म्हणायला काही आधार नव्हता. जाळीत हजार गाठी होत्या. तरी त्याचे कान गरम झाले.

"दुसरी घ्या ना मावशी. सैल असेल एखादी."

"असं कसं? हाताला आली ती आली. तिचा मालक कुठंतरी घोर लावून बसला आसंल."

ती खाली बसली. पदराला टोचलेली पिन काढून तिने गाठीत घातली, आणि मांडीवर मूल घेतल्यासारखं धाग्याचं टोक धरून हळूहळू, न चिडता, ती एकेक पीळ मोकळा करत राहिली. वाऱ्याने धागे हलत होते.

गाठ उकलली.

"घ्या," कौसाबाई म्हणाली. तिने तो धागा बाबांच्या हातात दिला, उंबऱ्याला हात लावला, "येते बरं," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. आपण कुणाचं काय केलं याची तिला गंधवार्ताही नव्हती.

बाबांनी धागा पाण्यात बुडवला आणि मांडीवर घेऊन सरळ करायला लागले.

"बाबा, मी परत प्यायलो."

ते वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की श्रीरंग स्वतःच दचकला.

बाबांचा अंगठा धाग्यावरून फिरत होता.

"आज?"

"नाही. आज नाही."

"बरं."

"बरं काय, बाबा! एवढी माणसं माझ्याकडं बघून चालतात. उदगीरचा एक बालाजी आहे. मी पडलो हे कळलं तर तोही पडेल."

"त्याला विचारलंस?"

"काय विचारू?"

"कसा आहेस म्हणून."

श्रीरंगला आठवेना. रोज सकाळी त्या माणसाचा मेसेज यायचा आणि रोज आपण अंगठा दाखवायचो. तू कसा आहेस, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने फोन काढला. उद्याचं लिखाण उघडलं. 'दोन वर्षं. एक थेंबही नाही.' दिसायला झकास होतं. त्याने ते पुसून टाकलं. मग बालाजीचं नाव काढलं आणि लिहिलं.

"वाच बघू," बाबा म्हणाले.

"'बालाजी, मी लग्नात प्यायलो. नंतरही एकदा प्यायलो. तुला सांगायची हिंमत झाली नाही. आज तोबापीराच्या टेकडीवर आलोय. तू कसा आहेस?'"

"पहिल्या ओळीत प्रश्न नाही टाकलास."

"शेवटी टाकलाय, बाबा."

"मग धाड."

त्याने मेसेज पाठवला. तो वाचला गेल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. पलीकडे बालाजी काहीतरी लिहायला लागला. थांबला. परत लिहायला लागला. पुन्हा थांबला. श्रीरंगला वाटलं, गेला हा माणूस. आपण घालवला.

मग फोन वाजला.

'सर, तिथंच थांबा. रिक्षा काढतो. मलापण यायचं होतं, पण एकट्याला लाज वाटत होती.'

श्रीरंगने ते वाचलं. परत वाचलं. मग फोन बाबांपुढे धरला, आणि बाबांना वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने डोळे पुसले नाहीत. तिथं बघायला फकिराशिवाय कुणी नव्हतं, आणि फकिराने असली माणसं रोज पाहिली होती.

"उद्या हेच लिहीन," तो म्हणाला. "लोक मला सोडून जातील."

"काही जातील," बाबा म्हणाले.

"आणि बाकीचे?"

बाबांनी मांडीवरचा धागा पुढं केला. कौसाबाईने उकललेला, अजून ओला, जुन्या गाठीच्या जागी सुरकुतलेला.

"हा तर वापरलेला आहे, बाबा."

"इथं नवा धागा मिळत नाही."

श्रीरंग उठला. जाळीपाशी गेला. या वेळी त्याने फोटो काढला नाही. डोळे मिटून तोबा म्हटलं, धागा दगडात ओवला, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, दात-ओठ खाऊन ती आवळली, आणि तिसरी मारायला घेतली. आता जन्मात सुटायला नको.

मागून बाबा आले. त्यांच्याही हातात एक धागा होता. तो गुरुवार होता. त्यांनी कानामागची बिडी काढून उंबऱ्यावर ठेवली, श्रीरंगच्या शेजारी उभे राहिले आणि त्याच्या गाठीवर आपला हात ठेवला.

"सैल बांध, बेटा. कुणाला तरी उकलायचीय."