पपईच्या पानाचा दगड

निवतळ बंदराच्या दक्षिणेला वाळू संपते आणि कातळ सुरू होतो, तिथे जांभ्याचा एक कमरेएवढा दगड उभा आहे. त्याच्यावर देवाचं नाव नाही, माणसाचंही नाही. एक पान तेवढं कोरलेलं आहे. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, पपईचं पान. भोवताली पपईची झाडंही आहेत, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही. विचारलंच तर सांगावं लागतं की हा दगड कॅनडा नावाच्या मुलखातल्या एका खलाशाचा आहे, आणि पान पपईचं नाही. फोटो काढायला कोणाची ना नाही. दगडाला पाठ टेकून बसू नये, तेवढं तरी पाळावं.

ही गोष्ट जर्मनच्या दुसऱ्या लढाईतली. तेव्हा निवतळातले अर्धे पुरुष मासे मारायचे आणि अर्धे परदेशी आगबोटींवर जायचे. लवू कुबल अशाच एका बोटीवर आगवाला होता, म्हणजे भट्टीत कोळसा ढकलायचं काम. त्याची बोट बुडाल्याचं मुंबईहून कळलं. तो बुडाला की वाचला, ते कोणी कळवलं नाही. त्याची बायको येसू. तिने कुंकू लावावं की पुसावं, हे सांगणारा कोणी नव्हता. हळदीकुंकवाला बोलावलं तर बायका हळूच एकमेकींकडे बघायच्या. नाही बोलावलं तर ती दारात जाऊन विचारायची, "माका वगळलात ती कित्याक? माझो घोव मेलो काय? तुमका कोणी सांगल्यान?" मग तिला कोणी वगळेना आणि कोणाला ती हवीही असेना, अशी गत झाली. असे दोन पावसाळे निघाले. ती दिवसभर किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणायची आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्या जाळ्यांवर वाजत राहायच्या. दमलेली बाई होती, असे सांगतात. दुःखाने माणूस दमत नाही तेवढं वाट बघून दमतं.

लवूचा थोरला भाऊ भिवा हा होडीचा तांडेल. होडीवर त्याचा शब्द चालायचा. ऐन हंगामात एके दिवशी त्याची होडी वेळेआधीच परत आली. मासळी निम्मीच होती. खलाशी मान खाली घालून टोपल्या उतरवत होते आणि भिवा सरळ विहिरीवर अंघोळीला गेला. जाळं येसूपुढे येऊन पडलं. तिने ते उलगडलं, मधला भाग हाताने चाचपला आणि उठून विहिरीकडे गेली. थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं, ही तेव्हाची रीत. ती पदर न ओढताच उभी राहिली.

"भावजी, जाळा कोणी कापल्यान?"

"फाटला आसात."

"फाटलेला आणि सुरयेन कापलेला माका कळता."

"मोठो मासो अडाकलो होतो."

"मोठ्या माशाक कापून सोडणारो तांडेल मी आजच बघतंय."

भिवाने डोक्यावर कळशी ओतली. आणखी एक ओतली. शेवटी म्हणाला, "माणूस होतो. मेलेलो. पालथो होतो, निळे कपडे होते. वर काढलो तर फौजदार, पंचनामो, चार दिवस होडी वाळूत. हंगाम बघतंस मा? म्हणान सोडलो."

"तोंड बघितलात?"

"नाय."

"तुमचो भाव खंयच्याय बोटीर आसलो तरी निळेच कपडे घालता."

भिवाच्या हातातली कळशी विहिरीत पडली म्हणे. येसू मात्र ओरडली नाही की रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "भावाक सोडलात की परक्याक सोडलात, ता तरी बघूचा होता."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता होड्या पाण्यात लोटायला माणसं आली. होडीखाली लाकडाचे ओंडे आडवे घालतात आणि त्यांवरून ती पाण्यापर्यंत ढकलतात. भिवाच्या होडीपुढच्या ओंड्यांवर येसू आडवी पडली होती. ही होडी सगळ्यांच्या पुढे उभी असायची. ती हलल्याशिवाय मागच्या हलत नसत.

"जाऊन तेका घेऊन येवा," ती म्हणाली. "नायतर माझ्यावरसून होडी न्या."

आता तिला उचलायचं कोणी? थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला हात लावायचा नाही, हे ठरलेलं. दीर समोर उभा असताना परक्या पुरुषाने लावायचा, हे तर त्याहून वाईट. राहिल्या बायका. एकजण पुढे झाली आणि म्हणाली, "गे येसू, ऊठ. पोरांच्या तोंडातलो घास काढतंस?"

"तुझो घोव खंय आसा आता?"

"हो काय हंयच उभो."

"मगे तुका जमतला माका उठवूक. उठव."

ती बाई मागे सरली. जिचा माणूस आगबोटीवर होता तीही पुढे आली नाही आणि जिचा किनाऱ्यावर होता तीही आली नाही. मासळीचा थवा समोर पाण्यात फिरत होता, वर पक्ष्यांचा गोंधळ चालला होता, आणि सगळ्या गावाचा हंगाम एका बाईच्या अंगाखाली अडकला होता. शिव्या बऱ्याच पडल्या. कोणी म्हणालं डोकं फिरलं, कोणी म्हणालं अंगात आलं. ती ऐकत पडून राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भिवाने पागोटं काढून वाळूत ठेवलं.

"उठ गे," तो म्हणाला. "जातंय."

येसू बाजूला झाली आणि होडी लोटली गेली. भिवाला प्रवाह ठाऊक होते. तरी तो दुसऱ्या दिवशीच्या भरतीला परत आला. म्हणे त्याने वाटेत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. होडीत शिडाखाली झाकलेला माणूस होता. खलाशांनी त्याला वाळूवर ठेवलं, तसाच पालथा. सरळ करायला कोणाचा हात पुढे येईना. येसूने वाकून त्याला स्वतः वळवलं.

लवू नव्हता. तांबूस केसांचा गोरा पोरगा होता, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. सदऱ्याच्या गळ्याशी पितळेचं एक पान टाचलेलं होतं.

सगळ्यांना वाटलं आता ही मोकळी होईल, रडेल नाहीतर हसेल. ती खाली बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिचा माणूस मेला नव्हता, आणि जिवंतही नव्हता. होती तिथेच ती परत आली होती. मग तिने विचारलं, "तेका गुंडाळूक कापड कोण देता?"

कापडाचे ते दिवस वाईट होते. लढाईमुळे सगळं कंट्रोलवर मिळायचं. बायका एकाच लुगड्याला तीन ठिकाणी ठिगळ लावून दिवस काढत होत्या. कोरं कापड कोणाच्या घरात असलं तरी कोणी हो म्हणालं नाही. येसू उठली, घरी गेली आणि पेटीच्या तळाशी ठेवलेलं एक कोरं धोतर घेऊन आली. लवू परत आला की नेसेल म्हणून तिने ते घेतलं होतं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती तिने वाळूवर मोडली आणि त्या पोराला त्यात गुंडाळलं.

फौजदार आला, बघून गेला. गोऱ्यांच्या पलटणीला कळवतो म्हणाला. तिकडून कोणी आलं नाही. माणूस तर ठेवून चालणार नव्हता. पुरायचं कुठे यावर पुन्हा वाद झाला. वाळूत पुरला तर लाटा उकरून काढतील. मागे कातळ, तिथे पहार लागत नाही. "सोडा परत दर्यात, होतो थंयच," असं एक जण म्हणाला. तेव्हा मोहल्ल्यातला दाऊद सारंग काठी टेकत पुढे आला. त्याने आयुष्य आगबोटींवर काढलेलं, आगवाल्यांचा मुकादम म्हणून. त्याने ते पितळेचं पान हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"ह्यो कॅनडाचो," तो म्हणाला. "थंयच्या एका बंदरात माझो एक आगवालो मेलो, थंडीन. आपल्या पलीकडच्या वाडीचो. जमीन फत्तर झाली होती, कुदळ घातली की उडा. मी सांगलंय, दर्यात सोडूया. तर त्या लोकांनी जमिनीर लाकडां पेटवल्यानी. दीसभर जाळीत बसले, माती मऊ होयसर. लाकडां तेंची, माणूस आमचो. कोण लागता होतो तो तेंका?"

भिवाने पहार उचलली आणि कातळाकडे चालू लागला. जांभा विस्तवाने मऊ होत नाही, तो फोडावाच लागतो. बाकीचे मागून गेले, पण पहार भिवाने दुसऱ्याच्या हाती दिली नाही. हाताची साल निघून पहारीला रक्त लागलं तरी दिली नाही. खड्डा झाल्यावर दाऊदने त्याच्या पद्धतीने दोन शब्द म्हटले, भिवाने नारळ ठेवला. त्या पोराचा धर्म कुठला होता ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला चाललं असावं.

माती लोटून झाल्यावर येसू दिराला म्हणाली, "भावजी, माझ्याकडला कापड संपला. पुढच्याक खंयसून देऊ?"

भिवाने फुटलेला हात त्या मातीवर ठेवला आणि शब्द दिला. यापुढे निवतळची होडी कोऱ्या कापडाशिवाय पाण्यात उतरणार नाही. जाळ्यात जो गावेल, म्हणजे सापडेल, त्याचं तोंड बघितलं जाईल आणि तो किनाऱ्याला आणला जाईल, मग हंगाम असो की नसो. ज्याला हे पाळायचं नसेल त्याने होडी विकावी.

दगड पुढच्या उन्हाळ्यात बसला. गावात जात्या-पाट्यांना टाकी लावायला एक पाथरवट यायचा, त्यालाच धरला. जांभा ठिसूळ, त्यात ते पितळेचं पान खाऱ्या पाण्याने खाल्लेलं. पाथरवटाने जन्मात जे पान बघितलं होतं तेच दगडावर उतरलं. बायकांनी ते बघितलं आणि हा पपईच्या बागेतला पोर असावा असं धरून दगडाभोवती पपईच्या बिया टाकल्या. दाऊद सारंग हसला म्हणे. "अरे, थंय बर्फ पडता. थंय पपई एक दीस जगाची नाय!"

येसू म्हणाली, "मगे हंय जगांदे."

पुढे कोणा शिकलेल्या माणसाने येऊन सांगितलं की ते पान मेपल नावाच्या झाडाचं आहे. गावाने ऐकून घेतलं. पपई तशीच राहिली. तिचं फळ कोणी विकत नाही. वाटेने जाणाऱ्याने तोडून खावं.

लवूची खबर कधीच आली नाही. येसू म्हातारी झाली. दर नारळी पुनवेला ती काठी टेकत होडीहोडीपाशी जायची आणि कापड काढून दाखवा म्हणायची. जुनं दाखवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. भिवाच्या होडीचं कापडही ती सोडायची नाही, घडी उलगडून बघायची. दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं.

ती गेली तेव्हा बायका पुन्हा त्याच जागी अडल्या. हिला सवाष्ण म्हणून न्यायची की कशी? एकीने बांगड्या उतरवायला हात घातला. दारात बसलेल्या भिवाला आता नीट दिसतही नव्हतं, पण काकणांचा आवाज त्याला कळला.

"बांगड्यांक हात लावू नको," तो म्हणाला. "लवूचा तोंड अजून कोणी बघूक नाय."

मग तिची हिरव्या लुगड्यात ओटी भरली आणि वरून भिवाच्या होडीतलं कोरं कापड घातलं. संध्याकाळच्या आत भिवाने होडीत नवं आणून ठेवलं, असे सांगतात.

आजही निवतळच्या होड्यांत ते असतं. आता होड्या फायबरच्या आहेत, इंजिनं आहेत, मासे दाखवणारी यंत्रं आहेत. पण डिझेलच्या डब्याशेजारी, पुढच्या टोकाशी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेलं पांढरं कापड सापडेल. दरसाल नारळी पुनवेला ते बदलतात, आणि घरची जी बाई ते तपासते तिला कोणी घाई करत नाही. मध्ये कितीदा ते उलगडावं लागलं, ते विचारू नये. तांडेलाला एवढंच विचारावं, हे कापड कोणासाठी. तो जाळं आवरता आवरता, मान वर न करता सांगतो,

"जो गावतलो, तेच्यासाठी."