उदाजीरावांचं हँडल

सांगलीत गॅरेज चालवणाऱ्या रेश्मा मुजावरचं डोकं उठलं होतं. पुढारी उदाजीरावांच्या मोटारसायकलसाठी तिनं लेथवर क्लॅम्प बनवले, हातानं पाइप वाकवून तीन हँडलं केली आणि तिन्ही वेळा एकच पालुपद ऐकलं: "अजून उंच पाहिजे! कोल्हापूरपर्यंत रॅली आहे, पुढं मी. हात आभाळाला लागले पाहिजेत!"

"अण्णा, हातांना रग लागेल."

"मला शिकवतीस? पैलवानाचे हात आहेत हे!"

रेश्मानं वाद घातलाच नाही. अण्णांना गाडीवर बसवलं आणि एक सुटा पाइप त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"पाहिजे तेवढा उंच धरा. माप घेते. हलायचं नाही."

अण्णांनी पाइप थेट डोक्यावर नेला. रेश्मानं चहा सांगितला. चहा आला, ती फुंकर मारत निवांत प्यायला लागली. अण्णांच्या कपाळावर घाम आला, पाइप लटपटायला लागला, त्यात नाकावर माशी बसली.

"अगं, अजून किती वेळ?"

रेश्मानं कप खाली ठेवला.

"अण्णा, आत्ता कुठं सांगलीबाहेरचा अंकलीचा पूल आलाय. कोल्हापूर लांब आहे."

पाइप सरकत सरकत छातीपाशी आला. रेश्मानं तिथं टेप लावली.