खाणीवरच्या तोफा

तांबखोरे संस्थानात दोन गोष्टी उदंड होत्या: डोंगरात तांबं आणि खिंडीत दरोडेखोर. तांब्याची बातमी दर्यापार गेली आणि तिकडून ग्रोबर नावाचा सेनापती पलटण नि तोफा घेऊन हजर झाला. "दरोडेखोरांपासून तुमचं रक्षण करू. फुकट! बदल्यात फक्त मैत्री," तो म्हणाला. महाराज लोण्यासारखे विरघळले.

तोफा लागल्या त्या सगळ्या खाणीच्या माथ्यावर, तोंडं खाणीकडे करून. खिंडीकडे एकही नाही. दरोडेखोरांनी भरदिवसा बाजार लुटला, तेव्हा पलटण खाणीवर पहारा देत होती. तरी पलटणीच्या कायमच्या तळाच्या करारावर शिक्का उठवायला महाराजांनी दरबार भरवलाच.

महाराजांच्या थोरल्या बहीण आक्कासाहेब तिथं होत्या. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "सेनापती, चोर खिंडीतून येतात आणि तोफा खाणीकडे बघतात, हे कसं?"

ग्रोबर मिशीत हसला. "बाईसाहेब, ज्याचं रक्षण करायचं त्याच्यावरच नजर हवी. युद्धशास्त्र आहे, तुम्हाला नाही कळायचं."

"नाहीच कळत हो," आक्कासाहेब म्हणाल्या. "आम्हाला आपली जोंधळ्याची राखण कळते. आमचा राखणदार माळ्यावर बसतो तो रानाकडे तोंड करून, कारण डुकरं तिकडून येतात. कणसांकडे तोंड करून टपून बसतात, ती पाखरं."

दुभाष्याला हसू आवरेना, त्यामुळे ग्रोबरला शेवटचं वाक्य कळलंच नाही. महाराजांना मात्र कळलं. शिक्का खाली ठेवून ते हुजऱ्याला म्हणाले, "अरे, आपली गोफण कुठाय?"