वहीतली फाईल

शर्वरी टिल्लूने फाईलला चिकटवलेल्या, मोबाईलवरून वाजवता येणाऱ्या चिपवरून कचेरीतल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर बनवलं आणि पेटंटच्या अर्जाच्या फाईलला नमुन्याची चिपही चिकटवून दिली. परीक्षक गुळवेसाहेबांनी अर्ज फेटाळला. "यात नवं काय? फाईल कुठे आहे, हे आमची आवक-जावक वही पूर्वीपासून सांगतेच!"

शर्वरीने अपील केलं. सुनावणीला वरिष्ठ मॅडमनी तिची फाईल मागितली. गुळव्यांनी ऐटीत वही उघडली. "कपाट नंबर तीन!" शिपायाने अख्खं कपाट उपसलं, पण फाईल काही मिळेना.

शर्वरीने मोबाईलवर बोट टेकवलं. गुळव्यांच्या बुडाखालून पीं पीं सुरू झालं. खुर्ची उंच करायला साहेबांनी फायलींचीच गादी केली होती.

"साहेब," शर्वरी अदबीने म्हणाली, "फाईल कुठे असायला हवी, ते वही सांगते. ती कुठे आहे, ते माझं सॉफ्टवेअर सांगतं. जरा उठता का?"